कूलरसमोरची मोट

मे महिन्यात नागपुरात वाळत नाही अशी वस्तू नाही. विहिरी वाळतात, नळ वाळतात, धोतराचं एक टोक दोरीवर टाकून दुसरं पसरेपर्यंत पहिलं वाळलेलं असतं. या सगळ्या वाळवणात ओलावा धरून राहिलेली एकच गोष्ट मी पाहिली, ती म्हणजे माझ्या सासऱ्यांचा जुन्या चामड्यावरचा जीव. इकडच्या रीतीनं मी त्यांना मामाजी म्हणत असे. ते भूगोलाचे निवृत्त मास्तर, नागपूरच्या महाल वस्तीत दोन खोल्यांचं घर, आणि त्या दोन खोल्यांत माणसं तीन आणि कातडी अकरा. नव्या चामड्याकडे ते ढुंकून पाहत नसत. 'त्यात काय हाये? ते कोणालेही वाकवता येते,' म्हणत. त्यांना लागायचं ते पंधरा-वीस वर्षं एखाद्या गोठ्यात टांगून राहिलेलं, उंदरांनीही नाक मुरडून सोडून दिलेलं, हात लावला की भुगा आणि दुमडलं की दोन तुकडे अशा लायकीचं. टांग्याचं खोगीर, फुटक्या ढोलाचं पान, कुणाच्या तरी आजोबांच्या पेटीचं कव्हर, असलं काहीही ते छातीशी धरून घरी आणत, आणि सासूबाई दार उघडून आधी त्या वस्तूकडे, मग नवऱ्याकडे पाहत आणि दोघांनाही आत घेत. दुसरा इलाज नव्हता.

मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा खोलीत पोह्यांपेक्षा एरंडेलाचा वास जास्त होता. मुलीच्या बापानं नोकरी विचारावी, घरदार विचारावं. हे गृहस्थ माझ्या कमरेकडे टक लावून बसले. मी शर्ट नीट केला, पँट नीट केली, तरी नजर हलेना. शेवटी म्हणाले, 'पट्टा काढा जी जरा.' माझे वडील ताडकन उठून उभे राहिले. मी एका हातानं पँट धरून दुसऱ्या हातानं पट्टा दिला. मामाजींनी तो वाकवला, नाकाशी नेला, नखानं कडेला खरवडला आणि निकाल दिला, 'पुठ्ठा हाये. वरून चामड्याची साल चिटकवली. सहा महिन्यात उलते.' मग पोह्यांची ताटली घेऊन उभ्या असलेल्या मुलीकडे वळून म्हणाले, 'पोरगा बरा दिसते वं. पट्टा खोटा हाये.' एवढ्या चौकशीवर माझं लग्न ठरलं. पट्टा पाचव्या महिन्यात उलला, हे मी त्यांना कधीही सांगितलं नाही. तेवढा स्वाभिमान जावयाला असावा लागतो.

त्या दिवशी मागच्या खोलीत आढ्याच्या बांबूला काहीतरी टांगलेलं मी पाहिलं होतं. पांढऱ्या धुतलेल्या धोतरात गुंडाळलेलं, चांगलं माणसाएवढं. मी घाबरून विचारलं नाही. लग्नानंतर बायकोनं सांगितलं की ती मोट आहे. पंपाच्या जमान्यात वाढलेल्यांसाठी सांगतो, मोट म्हणजे विहिरीतून पाणी ओढायची म्हशीच्या अख्ख्या कातड्याची भली मोठी पिशवी, खाली सोंडेसारखी नळी. बैल उतारावरून खाली चालले की मोट वर येते आणि सोंडेतून पाणी पाटात ओतते. ही मोट मामाजींच्या थोरल्या भावाची. त्यांना घरात सगळे मोठे बाबा म्हणत. ते पारशिवनीजवळच्या गावी शेती करत. त्यांनी चौथीत शाळा सोडून मोट धरली, तिच्या पाण्यावर मिरची-वांगी निघाली, आणि त्या मिरची-वांग्यांवर धाकटा भाऊ नागपुरात शिकून मास्तर झाला. पुढे विहिरीवर पंप बसला आणि मोट गोठ्यात गेली. दहा वर्षांनी मोठ्या बाबांनी ती काढली तेव्हा ती पापडासारखी झाली होती. गावच्या चांभारानं हात जोडले, 'कापली तं भुगा होईन जी.' मोठे बाबा ती मोट मांडीवर घेऊन एस.टी.नं नागपुरात आले आणि भावापुढे ठेवून म्हणाले, 'जनमभर हिच्या मागं अनवाणी चाललो. आता हिच्या वहाणा करून दे मले. नातीच्या लग्नात घालीन.'

मामाजी म्हणाले, 'दादा, मले हे काम कुठं येते?'

'काहून नाही येत? तू शिकलेला हायेस न गा!'

शिकलेल्या माणसाला सगळं येतं ही मोठ्या बाबांची ठाम समजूत, कारण ते शिक्षण त्यांनी स्वतः ओढून वर काढलेलं होतं. आणि मामाजींची चूक अशी की त्यांना 'नाही' म्हणता आलं नाही. नात तेव्हा आठवीत होती. आठवीतल्या पोरीच्या लग्नाला पुष्कळ अवकाश असतो, असं म्हणून भूगोलाचे मास्तर चामड्याच्या धंद्यात शिरले.

इतवारीच्या बाजारात भांड्यांच्या दुकानांच्या ओळीच्या तोंडाशी एक म्हातारे चर्मकार बसत. मामाजी त्यांना उस्ताद म्हणत आणि त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसत. ज्या मास्तरांनी तीस वर्षं पोरांना बाकावर उभं केलं, ते इथे चुकलं की स्वतःचा कान स्वतः धरत. उस्ताद घरी आले की एकुलती एक खुर्ची त्यांना, मामाजी सतरंजीवर. शेजारच्या एक बाई एकदा दारातून म्हणाल्या, 'मास्तर, या वयात हे काय काम धरलं? लोक काय म्हणतीन?' मामाजी म्हणाले, 'लोकाईले म्हणा, पायातलं काढून ठेवा आन् मंग बोला.' बाईंनी नकळत स्वतःच्या पायांकडे पाहिलं आणि त्या चपला वाजवत निघून गेल्या. उस्तादांनी पहिल्याच दिवशी मोटेवरचं धोतर उचलून बोटाच्या पेरानं तिला टिचकी मारली, आवाज ऐकला आणि सांगितलं, 'हे चामडं मेलं नाही जी, रुसलं हाये. रुसलेल्याले घाई करू नका. ओल्या पोत्यात ठेवा, पाण्यात नाही. तेल बोटानं लावा, वाटीनं नाही. ऊन नको, आग नको. आन् आधी दुसऱ्याच्या चामड्यावर हात बसू द्या.'

हे शेवटचं वाक्य त्यांनी उच्चारलं नसतं तर माझ्यासकट बऱ्याच नातेवाइकांचे हाल वाचले असते. मोट धोतरात राहिली आणि मामाजी दुसऱ्यांच्या चामड्यावर हात बसवायला लागले. त्या सरावातून जे जे निपजलं ते दिवाळी, वाढदिवस, बारसं, कसलंही निमित्त करून आमच्या गळ्यात पडलं. साडूंच्या चष्म्याचं घर ते उघडत तेव्हा पंगतीत कोणीतरी पापड मोडला असं वाटे. बायकोच्या पर्सला पहिल्याच आठवड्यात इतक्या भेगा पडल्या की तिनं ती बापाला परत नेऊन दाखवली. मामाजींनी चष्मा लावून पर्स उलटसुलट पाहिली आणि आनंदानं म्हणाले, 'हे पाह्य, ही वैनगंगा. ही वर्धा. इथं दोघी मिळतात पाह्य, बरोबर खालच्या बाजूले!' पर्स फाटून राहिली याचं दुःख नाही, संगम जागेवर आला याचं समाधान.

मला मिळाला पट्टा. टांग्याच्या खोगिराचा, सहा आठवडे ओल्या पोत्यात झोपलेला, एरंडेल प्यायलेला. 'हा अस्सल हाये,' मामाजींनी तो स्वतः माझ्या कमरेला बांधला, 'तुमच्या त्या पुठ्ठ्यासारखा नाही.' त्याला असा काही वास होता की ऑफिसात माझ्या टेबलाशी येणारे लोक काम एका वाक्यात सांगून निघून जात. महिनाभर माझा कामाचा उरक वाढला. मग एक दिवस मोठे साहेब अचानक आत आले, मी लगबगीनं उठलो आणि कमरेशी कडाड् असा आवाज झाला. मी एका हातानं पँट धरून, किंचित वाकून उभा राहिलो. मामाजींच्या कृपेनं ही दुसरी वेळ. साहेबांना ती नम्रता वाटली. पुढे जाऊन त्यांनी हेडक्लार्कला सांगितलं म्हणे की माणसानं कसं उभं राहावं ते त्या कोपऱ्यातल्यांकडून शिका. संध्याकाळी मी पट्ट्याचे दोन तुकडे मामाजींपुढे ठेवले. त्यांनी तुटलेली कड पाहिली, वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, 'तेल आतपर्यंत गेलंच नाही. बरं झालं तुटला. मोटेले असं होऊ द्याचं नाही.' माझ्या कमरेचा त्या वहीत उल्लेखही नव्हता.

उन्हाळ्यात त्यांच्याकडे जाणं म्हणजे परीक्षा. घरात एकच कूलर, त्याच्यासमोर एकच खाट, आणि खाटेवर मोट. कूलरच्या ओल्या वाऱ्यानं चामडं उलत नाही, हा मामाजींचा स्वतःचा शोध. बाहेर रस्त्यावरचं डांबर पातळ झालेलं, मी सायकल मारत घामानं निथळत आलेलो, आणि खाटेवर म्हैस हवा खात पडलेली. एकदा मी चिडून म्हणालो, 'मामाजी, जावयाला पण थोडी हवा लागते.' ते मनापासून म्हणाले, 'तुमी वल्ले हा न जी, घाम आलेला हाये. ते कोरडं हाये.' मी भिंतीला टेकून वर्तमानपत्रानं वारा घेत बसलो आणि मनातल्या मनात त्या मोटेला नको नको ते बोललो.

दर दोन-तीन महिन्यांनी मोठ्या बाबांचं पोस्टकार्ड येई. पेरणी झाली, गाय व्याली, आणि शेवटी ठरलेली ओळ: वहाणा झाल्या काय? मामाजी कार्ड वाचत, मागच्या खोलीत जाऊन मोटेवर हात फिरवत आणि कात्री काढत. मग कात्री परत ठेवत. उस्ताद कितीदा म्हणाले की मास्तर, आता हात बसला, कापा. मामाजींचं एकच, 'अजून थोडं मऊ होऊ द्या.' भुगा झाला तर दादाला काय सांगायचं, हा एकच प्रश्न त्यांना झोपू देत नव्हता. असं करता करता आठवीतली पोरगी शिकून मोठी झाली आणि एका पोस्टकार्डात शेवटची ओळ बदलून आली: माघात लग्न आहे, वहाणा घेऊनच ये.

आता पळवाट नव्हती. मामाजींनी मार्गशीर्षाच्या शेवटी मोट खाली उतरवली, अंगणात सावलीत मोठ्या घमेल्यात ओल्या पोत्यांत निजवली आणि तिच्याशी बाळंतिणीसारखं वागायला लागले. सोंड तेवढी पोत्याबाहेर, कारण ती जाड, तिचं नंतर बघू. बाराव्या दिवशी मोटेचा काठ वाकला. न मोडता वाकला! मामाजी लहान पोरासारखे अंगणभर फिरले, सासूबाईंना हाक मारली, 'अवं, पाह्य वं, वाकून राहिली!' सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले. धुरानं, असं त्या म्हणाल्या. उस्ताद म्हणाले, अजून दोन दिवस, मग कापू.

त्या दोन दिवसांतला एक रविवार होता. मामाजी मेण लावलेला दोरा आणायला इतवारीत निघाले आणि जाताना मला म्हणाले, 'जावईबापू, जरा लक्ष ठेवा. पोतं सुकलं तं थोडं पाणी शिंपडा.' पौषातली सकाळ, थंडीनं बोटं वाकत नव्हती. पोतं सुकलं. आता शिकलेल्या माणसाला सगळं येतं ही मोठ्या बाबांची समजूत चुकीची होती हे सिद्ध करायला मी तिथे हजर होतोच, मीही पदवीधर. मी विचार केला, चणे गरम पाण्यात मऊ होतात, शेवया होतात, माझं स्वतःचं अंग होतं. मग चामड्यानं काय घोडं मारलंय? सहा-सात वर्षं हा माणूस थंड पाण्यानं गोंजारतो आहे, आपण मदत करू. आणि खरं सांगतो, त्या मोटेचा एकदाचा निकाल लागावा, खाट आणि कूलर मोकळे व्हावेत, असंही मनात होतं. मी बंबातलं कढत पाणी बादलीभर काढलं आणि पोत्यांवर ओतलं.

मोट हलली. म्हणजे शब्दशः हलली. पोत्याखाली ती अंग चोरल्यासारखी आकसायला लागली. मी पोतं ओढलं तर माणसाएवढी मोट माझ्यादेखत गोळा होत होत लहान पोराएवढी झाली, कडा आत वळल्या, आणि थोड्या वेळानं हात लावला तर शिंगासारखी टणक. मी थंड पाणी ओतलं, पुन्हा ओतलं, कडा ओढून पाहिल्या. एवढा घाबरलेला मी नोकरीच्या मुलाखतीतही नव्हतो.

मामाजी दोरा घेऊन आले. त्यांनी घमेल्याकडे पाहिलं, मग बादलीतून निघणाऱ्या वाफेकडे पाहिलं. हळूच विचारलं, 'गरम होतं काय जी पाणी?' मी मान हलवली. ते दोरा हातात धरून ओट्यावर बसले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मग म्हणाले, 'दोष माहा हाये. गरम नको, हे मी तुमाले सांगितलंच नाही.' आणि आत जाऊन झोपले. सकाळचे दहा वाजले होते. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

उस्ताद आले, त्यांनी गोळा उचलून पाहिला, ठेवला, आणि पोत्याबाहेर राहिलेली सोंड बोटानं दाबली. तिच्यावर पाणी पडलेलं नव्हतं. 'एवढी वाचली. तळ नाही निघणार, पट्टे आन् अंगठे निघतीन.' तळ नव्या चामड्याचा घेतला. पट्टे मामाजींनी कापले. सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मोटेला कात्री लावली आणि पट्टे पुरे होईपर्यंत खाली ठेवली नाही.

माघात आम्ही सगळे गावी गेलो. मांडवात मोठे बाबा खाटेवर बसले होते, पाय अनवाणी, टाचांना भेगा. मामाजींनी वहाणा त्यांच्या पायाशी ठेवल्या आणि हात जोडून म्हणाले, 'दादा, वरचंच हिचं हाये. तळ नवा हाये. माह्या हातून पाणी गरम पडलं, सारी आकसून गेली. मले जमलं नाही.' मी मागे उभा होतो. पुढे होऊन 'मी ओतलं' म्हणायला दोन पावलं पुरली असती. मी मांडवाच्या झालरीकडे पाहत राहिलो. माझ्या जिभेला एरवी कोण धार असते! लाज वाटते मला अजून.

मोठ्या बाबांनी एक वहाण उचलून नाकाशी नेली. पट्ट्यावरून अंगठा फिरवला. 'सोंड हाये न गा ही?' त्यांनी बरोबर ओळखलं. मग वहाण उलटी करून तळ पाहिला आणि म्हणाले, 'नवा हाये ते बरं झालं. हिच्यावर पाय ठेवाले मले जिवावर आलं असतं. इतक्या वर्सात हे माह्या ध्यानातच नाही आलं.' मामाजींनी मान वर केली. मोठ्या बाबांनी वहाणा पायात घातल्या, उठले आणि मांडवातून सरळ चालत निघाले, व्याह्यांना दाखवत, आचाऱ्याला दाखवत. विहिरीपर्यंत जाऊन परत येताना कट्ट असा आवाज झाला. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. उजव्या वहाणेचा पट्टा तुटला होता. मोठे बाबा थांबले, वाकले, पट्ट्याचा तुकडा उचलून बंडीच्या खिशात ठेवला, आणि एक पाय वहाणेत, एक अनवाणी असे तसेच चालत येऊन भावाशेजारी बसले. 'एक तं टिकली न,' म्हणाले. मग दोघे म्हातारे असे हसत सुटले की नवरीही वळून पाहायला लागली.

परतीच्या एस.टी.त मी मामाजींना विचारलं, 'माझं नाव का नाही घेतलं?' ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, 'घेऊन काय झालं असतं? आन् खरं सांगू काय जावईबापू, तुमी ते पाणी टाकलं नसतं, तं मी अजून कात्री धरून बसलो असतो. दादा अनवाणीच राहिला असता.' त्यानंतर त्यांनी माझ्या कमरेकडे पाहिलं आणि विचारलं, 'हा पट्टा कुठून घेतला जी?'

आता मोठे बाबा नाहीत, मामाजी नाहीत. मोठ्या बाबांना मी खरं सांगायचं ते राहूनच गेलं. मामाजींच्या घरातलं सामान वाटलं गेलं तेव्हा मी दुसरं काही मागितलं नाही, तो आकसलेला गोळा मागितला. बायको म्हणाली, 'आता कायले हवं हे तुमाले?' तो वाकणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी रोज त्याच्याभोवती ओलं पोतं बदलतो, गार पाण्याचं, बोटानं एरंडेल लावतो, आणि बायको दारात उभी राहून पाहते. आज दुपारी ऊन फार होतं. आमच्याकडेही कूलर एकच आहे. खाट मी त्याच्यासमोर ओढली, मोट खाटेवर ठेवली आणि मी बाजूला भिंतीला टेकून वर्तमानपत्रानं वारा घेत बसलो.